पंचवीस सेंटांच्या कैफियती : अमेरिकेंतील स्वस्त गुन्हेकादंबऱ्यांचें परीक्षण

(१)

जुनें दफ्तर चाळणाऱ्यास एक धडा फार लवकर मिळतो. कागदाच्या बाह्य रूपावरून त्याची किंमत ठरवूं नये. कसरीनें खाल्लेली, कोणा कारकुनानें घाईंत खरडलेली एखादी मोडी यादी सुरेख जिल्दीच्या बखरीहून पुष्कळदां अधिक बोलते. कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध करतांना बखरींपेक्षां अस्सल पत्रांस जें महत्त्व दिलें, त्याच्या मुळाशीं हाच विवेक होता. तोच विवेक मुद्रित पुस्तकांस, आणि त्यांतहि ज्यांस ग्रंथ म्हणावयास विद्वान् सहसा तयार होत नाहींत अशा पुस्तकांस, लावून पाहावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हीं पुस्तकें म्हणजे १९५० च्या आगेमागें अमेरिकेंत पंचवीस सेंटांस विकल्या गेलेल्या कागदी बांधणीच्या गुन्हेकादंबऱ्या. विषय परक्या देशाचा आहे, आणि हस्तलिखितांच्या संग्राहकांस काळहि अगदीं अलीकडचा वाटेल. तरी या कादंबऱ्यांतील ज्या उत्तम आहेत त्या कैफियतीच्या जातीच्या आहेत, असें आमचें मत आहे. आरोपी स्वतःच बोलतो, स्वतःच्या सोयीनें बोलतो, आणि बोलतां बोलतां न सांगावयाचें सांगून जातो. वतनाच्या तंट्यांतील करीने व महजर ज्यानें ताडून पाहिले आहेत, पक्षकाराचें म्हणणें व घडलेली गोष्ट यांतील अंतर मोजण्याची ज्यास संवय आहे, त्याच्याइतका लायक वाचक या पुस्तकांस क्वचित् मिळाला असेल.

(२)

प्रथम उत्पत्ति. स्वस्त कागदी पुस्तक अमेरिकेंत रुळलें तें १९३९ मध्यें निघालेल्या ‘पॉकेट बुक्स’ या मालेमुळें. किंमत पंचवीस सेंट, आकार खिशांत मावेल एवढा. पहिलीं दहा वर्षें हा धंदा बहुतांशीं पुनर्मुद्रणाचा होता. पुठ्ठ्याच्या बांधणींत जें पुस्तक आधीं निघालें व खपलें, तेंच पुढें कागदी वेष्टनांत निघे. ही रीत मोडली ती ‘फॉसेट’ या मासिकांच्या कंपनीनें १९५० मध्यें काढलेल्या ‘गोल्ड मेडल’ मालेनें. फॉसेटकडे दुसऱ्या एका संस्थेच्या स्वस्त पुस्तकांच्या वांटपाचें काम होतें, आणि त्या करारामुळें तिला स्वतः पुनर्मुद्रणें काढून त्या संस्थेशीं स्पर्धा करण्याची मोकळीक नव्हती. पूर्वीं कोठेंहि न छापलेली नवी कादंबरीच थेट कागदी बांधणींत काढावयाची, ही पळवाट तिनें शोधली. करारांतील एका कलमानें अशा रीतीनें एका वाङ्मयप्रकारास वाट करून दिली.

लेखकास मोबदला मिळे तो विकलेल्या प्रतींवर नसून छापलेल्या प्रतींवर मिळे. यामुळें पोटासाठीं लिहिणारे अनेक लेखक या मालेकडे वळले. जॉन डी. मॅक्डोनल्ड याची पहिली कादंबरी १९५० मध्यें व चार्ल्स विल्यम्स याची १९५१ मध्यें येथेंच निघाली. हॉलिवुड सोडून फिलाडेल्फियास आईबापांच्या घरीं परतलेला डेव्हिड गुडिस हाहि येथेंच आला. ‘लायन’, ‘बीकन’ अशा लहानमोठ्या प्रतिस्पर्धी मालाहि चालूं होत्या. पुस्तकांच्या दुकानांपेक्षां औषधांचीं दुकानें, वर्तमानपत्रांच्या टपऱ्या व मोटारअड्डे हीं या पुस्तकांचीं विक्रीचीं ठिकाणें होतीं.

याचा परिणाम संशोधकानें नीट लक्षांत घेतला पाहिजे. वर्तमानपत्रें अशा पुस्तकांचीं परीक्षणें सहसा छापीत नसत. न्यूयॉर्क टाइम्समध्यें अँथनी बाउचर हा त्यांची दखल घेई, पण तो अपवाद होय. बहुतेक ग्रंथालयें हीं पुस्तकें ठेवीत नसत. कागद लांकडाच्या लगद्याचा व आम्लयुक्त असल्यानें तो लवकर पिवळा पडून ठिसूळ होई. सारांश, लाखों प्रतींनीं छापलेली पुस्तकें असूनहि त्यांची पुढील अवस्था एखाद्या दुर्मिळ पोथीसारखी झाली.

(३)

पोथीसारखी अवस्था म्हणजे पोथीचेच प्रश्न. पहिला कर्तृत्वाचा. ‘व्हिन पॅकर’ या पुरुषी थाटाच्या नांवाखालीं मॅरिजेन मीकर ही स्त्री लिहीत होती. तिनेंच अन्य विषयांसाठीं ‘ॲन ऑल्ड्रिच’ व पुढें मुलांच्या पुस्तकांसाठीं ‘एम. ई. कर’ हीं नांवें घेतलीं. अशीं टोपणनांवें या धंद्यांत सर्रास होतीं, आणि एकाच लेखकाचें काम चार नांवांखालीं विखुरलेलें असणें हा येथील नित्याचा प्रकार आहे.

दुसरा प्रश्न शीर्षकाचा. विल्यम्सची ‘हेल हॅथ नो फ्यूरी’ (१९५३) ही पुढें चित्रपटामुळें ‘द हॉट स्पॉट’ झाली. गुडिसची ‘डाउन देअर’ (१९५६) ही फ्रँस्वा त्रुफो याच्या १९६० च्या बोलपटानंतर त्या बोलपटाच्याच नांवानें विकूं लागली. ग्रंथसूची करणारा सावध नसेल तर एका कृतीच्या दोन करून बसेल.

तिसरा व सर्वांत गंभीर प्रश्न प्रक्षेपाचा. मीकरच्या ‘स्प्रिंग फायर’ (१९५२) या पहिल्या कादंबरींत दोन तरुणींच्या प्रेमाची कथा आहे. पुस्तकें टपालानें जात, आणि टपालखात्याच्या तपासनिसांनीं अश्लीलतेच्या सबबीवर गठ्ठे अडवूं नयेत म्हणून शेवट सुखाचा असतां कामा नये, अशी अट संपादक डिक कॅरोल यानें तिला घातली. त्याच १९५२ सालीं अमेरिकन प्रतिनिधिसभेनें गॅदिंग्ज या सभासदाच्या अध्यक्षतेखालीं अशा वाङ्मयाच्या चौकशीस समिति नेमली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे संपादकाची भीति पोकळ नव्हती असें दिसतें. लेखिकेस तो शेवट इतका खुपत राहिला कीं पुढें कित्येक वर्षें तिनें पुनर्मुद्रणास संमति दिली नाहीं. तें अखेर २००४ मध्यें निघालें. या पुस्तकाचा शेवट वाचून लेखिकेचें नैतिक मत ठरविणारा टीकाकार, सरकारी दडपणाखालीं लिहून दिलेला जबाब खुषीचा समजणाऱ्या न्यायाधीशासारखाच फसेल.

चौथा भाषांतराचा. जिम थॉम्पसनच्या ‘पॉप. १२८०’ (१९६४) या कादंबरीचें नांव म्हणजे गांवाच्या पाटीवरील लोकसंख्या. पॅरिसच्या गालिमार संस्थेच्या ‘सेरी नुआर’ मालेचा संस्थापक मार्सेल द्यूआमेल यानें स्वतः तिचें भाषांतर केलें, व १९६६ मध्यें तें मालेचें हजारावें पुस्तक म्हणून मोठ्या मानानें प्रसिद्ध झालें. मात्र फ्रेंच शीर्षकांत लोकसंख्या १२७५ झाली! पांच माणसें कोठें गेलीं याचा खुलासा त्यांत नाहीं. ठराविक पृष्ठसंख्येंत बसविण्यासाठीं या मालेंतील भाषांतरें कापलीं जात, तेव्हां हरवलीं तीं पांच माणसेंच नव्हतीं. झां-बेर्नार पूई या लेखकानें २००० सालीं त्या पांच हरवलेल्या जिवांच्या शोधावरच एक कादंबरी रचली, आणि २०१६ मध्यें नवें भाषांतर निघून आंकडा पुन्हां १२८० झाला. पन्नास वर्षें फ्रेंच वाचकांनीं ज्याची थोरवी गाइली तो ग्रंथ अपुऱ्या प्रतीवरून वाचलेला होता, हें त्या थोरवीचें मोजमाप करतांना विसरतां येत नाहीं.

(४)

आतां मुख्य विषय. या लेखकांच्या उत्तम कृतींत साक्षीदाराचे तीन नमुने आढळतात : अति बोलणारा, न बोलणारा, आणि एकच गोष्ट राखून ठेवून बाकी सर्व सांगणारा.

अति बोलणारा साक्षीदार थॉम्पसनचा. हा गृहस्थ १९०६ मध्यें ओक्लाहोमांतील अनाडार्को गांवीं जन्मला. बाप तेथील शेरिफ होता, पुढें त्यावर सरकारी पैशाच्या अपहाराचा आरोप येऊन त्यास परागंदा व्हावें लागलें. कायद्याचा रक्षक व कायद्याचा अपराधी एकाच देहांत नांदूं शकतात, हें ज्ञान मुलास घरांतच झालें. या त्रैमासिकाच्या वाचकांस विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे १९३८-३९ च्या सुमारास तो सरकारच्या लेखकसाह्य योजनेचा ओक्लाहोमा राज्यांतील संचालक होता. स्थानिक इतिहास व लोकांच्या तोंडच्या हकीकती गोळा करणें हें त्या योजनेचें काम होतें. म्हणजे गांवोगांवच्या माणसांचें स्वतःविषयींचें बोलणें हें त्याच्या व्यवसायाचें द्रव्यच होतें.

‘द किलर इनसाइड मी’ (१९५२) हें त्याचें प्रमुख पुस्तक. लायन मालेच्या संपादकांकडे कथानकांचे कच्चे आराखडे असत. वेश्येच्या नादीं लागून तिचा खून करणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका पोलिसाचा आराखडा थॉम्पसननें उचलला, असें संपादक आर्नल्ड हॅनो यानें पुढें सांगितलें आहे. थॉम्पसननें त्या पोलिसास न्यूयॉर्कमधून काढून टेक्सासमधील एका लहान शहरीं नेलें, त्यास उपशेरिफ केलें, आणि सर्व कथा त्याच्याच तोंडीं घातली. लू फोर्ड हा दिसावयास मंद, गोडबोल्या. शिळीं सुभाषितें ऐकवून समोरच्यास जेरीस आणणें ही त्याची करमणूक. आंतून तो वाचलेला, हिशेबी व खुनी आहे. तो वाचकास विश्वासांत घेतो. प्रसंग रंगांत आला कीं लेखक लोक अडखळूं लागतात, आपण तसें करणार नाहीं, सर्व क्रमवार सांगूं, अशी हमी देतो. आणि नेमका जी स्त्री त्यावर प्रेम करते तिच्या वधाचा प्रसंग जवळ आला कीं हाच क्रमवार बोलणारा मनुष्य रेंगाळतो, दुसरेंच कांहीं सांगूं लागतो.

कैफियतींचें वाचन ज्यास ठाऊक आहे तो येथें थांबेल. पक्षकार जेथें अकारण तपशील वाढवितो तेथें त्यास कांहीं टाळावयाचें असतें, ही कसोटी आपण दफ्तरांत रोज लावतों. थॉम्पसन तीच कसोटी वाचकाच्या हातीं देऊन स्वतः बाजूला होतो. लू फोर्ड दुष्ट आहे असें त्यानें कोठेंहि म्हटलेलें नाहीं, म्हणण्याची गरजहि पडत नाहीं. शेवटीं निवेदक स्वतःचा मृत्युहि सांगतो. मग हा कागद कोणीं लिहिला, कोठें लिहिला, हा संशोधकाचा स्वाभाविक प्रश्न अनुत्तरित राहतो. आम्हांस हा दोष वाटत नाहीं. जो मनुष्य आपल्या बोलण्याच्या बाहेर कोठेंच नव्हता, त्याचें बोलणें व जिणें एकदमच संपणें हें त्या कैफियतीस साजेसें आहे.

‘ए हेल ऑफ ए वूमन’ (१९५४) मध्यें तो आणखी पुढें गेला. फ्रँक डिलन हा दारोदार वसुली करणारा विक्रेता आपली हकीकत सांगत असतां मध्येंच ‘नार्फ नॉलिड’ या नांवानें, म्हणजे स्वतःचेंच नांव उलटें करून, स्वतःचें एक उदात्त चरित्र घुसडतो. अखेरच्या भागांत दोन भिन्न शेवट एकाआड एक ओळींत, सरळ व तिरप्या टाइपांत, गुंफलेले आहेत. एका कागदावर दोन हस्ताक्षरें दिसावीं तसा हा प्रकार आहे. पंचवीस सेंटांच्या पुस्तकांत, मोटारीची वाट पाहणाऱ्या उतारूसाठीं, एवढें धाडस छापलें गेलें याचें नवल वाटतें. परीक्षक लक्ष देत नव्हते हें या धाडसास पथ्यावर पडलें असावें असें आम्हांस वाटतें.

न बोलणारा साक्षीदार गुडिसचा. ‘डाउन देअर’ मधील एडी हा फिलाडेल्फियाच्या एका गरीब दारुगुत्त्यांत पियानो वाजवितो. रात्रीं पाठलागांतून पळत आलेला त्याचा भाऊ गुत्त्यांत शिरतो, आणि एडी मान वर न करतां वाजवीतच राहतो. हा मनुष्य एके काळीं मोठ्या सभागृहांत वाजविणारा नामांकित कलावंत होता, हें पुढें हळूहळू उलगडतें. त्यानें आपली साक्ष देणेंच बंद केलें आहे. बोललें कीं संबंध येतो, संबंध आला कीं कोणाचा तरी घात होतो, हा त्याचा अनुभव. भावासाठीं त्याचा पाय एकदां उचलला जातो आणि तोच अनुभव पुन्हां येतो. शेवटीं तो त्याच पियानोपाशीं परततो. थॉम्पसनमध्यें वाचक शब्दांवर संशय घेतो, येथें त्यास मौनाचा अर्थ लावावा लागतो. गुडिसचें कथानक पुष्कळदां ढिलें असतें, तरी थंडी, रस्ता, गुत्ता व थकवा यांचें चित्र काढण्यांत त्या मालेंतील कोणी त्याची बरोबरी करीत नाहीं.

तिसरा साक्षीदार चार्ल्स विलफर्डच्या ‘पिक-अप’ (१९५५, बीकन माला) मध्यें भेटतो. सॅन फ्रान्सिस्कोमधील हॅरी जॉर्डन हा चित्रकला सोडलेला चित्रकार खाणावळींत नोकरी करतो. हेलन या मद्यासक्त स्त्रीशीं त्याची गांठ पडते, दोघें बरोबर बुडत जातात. तिचा आपण खून केला असें तो कबूल करतो, आणि वैद्यकीय तपासणींत मृत्यूचें कारण वेगळेंच निघतें. म्हणजे त्याचा कबुलीजबाबहि खोटा ठरतो. परंतु खरी गोष्ट शेवटच्या ओळींत आहे. निवेदक कृष्णवर्णीय आहे, हें त्यानें तोंवर सांगितलेलें नसतें. तें कळतांच वाचक मागें जाऊन प्रत्येक प्रसंग, लोकांची नजर, पोलिसांचें वर्तन नव्यानें वाचूं लागतो. पोंच आधीं मिळावी व मूळ पत्र मागाहून सांपडावें तसें होतें. त्या काळच्या अमेरिकेंतील वर्णभेदावर व्याख्यान न देतां, निवेदकाचा वर्ण न सांगतांच वाचकानें तो काय गृहीत धरला हें त्याच्याच पदरांत टाकणें, हें काम पुष्कळ प्रतिष्ठित कादंबऱ्यांस साधलेलें नाहीं.

(५)

गुणांबरोबर दोषहि नमूद केले पाहिजेत. १९५२ ते १९५४ या तीन वर्षांत थॉम्पसनचीं बारा पुस्तकें निघालीं. त्यांत आत्मचरित्रवजा दोन आहेत. अशा वेगानें लिहिणाऱ्याच्या हातून पुनरुक्ति, उरकलेलीं प्रकरणें, जुळवून आणलेले योगायोग होणारच, आणि ते आहेत. इतर लेखकांच्या बहुसंख्य पुस्तकांत तर तेवढेंच आहे.

अधिक मोठा दोष स्त्रियांविषयींचा. या कादंबऱ्यांत स्त्री एक तर मोह घालते, नाहीं तर मार खाते, पुष्कळदां दोन्ही. निवेदक पुरुष खुनी असल्यानें ती दृष्टि त्याची, लेखकाची नव्हे, असा बचाव करतां येईल, आणि थॉम्पसनच्या बाबतींत तो कांहीं अंशीं खराहि आहे. परंतु वेष्टनावरील चित्रें व विक्रीचा हिशेब पाहतां हा बचाव सर्वांस लागू करणें म्हणजे पक्षकाराचीच कैफियत निकाल म्हणून उतरून घेणें होय. याच ठिकाणीं डोरोथी बी. ह्यूज हिच्या ‘इन ए लोनली प्लेस’ (१९४७) या कादंबरीचा उल्लेख अवश्य आहे. ती प्रथम पुठ्ठ्याच्या बांधणींत निघालेली. स्त्रियांचे खून करणाऱ्या पुरुषाच्या मनांत वाचकास बसविण्याची युक्ति तिनें थॉम्पसनच्या पांच वर्षें आधीं साधली, आणि त्याचें सोंग ओळखणाऱ्या दोन स्त्रिया पुस्तकांत ठेवल्या. खुनी ज्यांस केवळ पाहण्याच्या वस्तु समजतो त्याच त्यास पाहत असतात. पुरुष लेखकांच्या कैफियतींस उलटतपासणी हवी असेल तर ती या पुस्तकांत मिळते.

फ्रेंच टीकाकारांनीं या लेखकांस तत्त्वज्ञ ठरविलें तें आम्हांस पटत नाहीं. घरभाड्यासाठीं लिहिणारीं हीं माणसें कसबी होतीं. त्यांचें मोठेपण त्या कसबांत व माणसाच्या लबाड बोलण्याच्या अचूक कानांत आहे, आणि तेवढें पुरेसें आहे.

(६)

थॉम्पसन १९७७ मध्यें लॉस एंजेलिस येथें वारला, तेव्हां अमेरिकेंत त्याचें एकहि पुस्तक छापील किंमतीस मिळत नव्हतें. हस्तलिखितें व हक्क जपून ठेव, दहा वर्षांत माझें नांव होईल, असें त्यानें पत्नीस सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तिनें तें ऐकलें. १९८४ पासून बर्कली येथील ‘ब्लॅक लिझर्ड’ मालेनें त्याचीं पुस्तकें पुन्हां काढलीं, आणि १९९७ मध्यें ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ या अभिजात ग्रंथमालेच्या १९५० च्या दशकावरील खंडांत थॉम्पसन, गुडिस व विलफर्ड यांच्या वर सांगितलेल्या कादंबऱ्या एकत्र आल्या.

गुडिसच्या वांट्यास एवढेंहि भाग्य हयातींत आलें नाहीं. ‘डार्क पॅसेज’ (१९४६) या आपल्या कादंबरीवरून दूरचित्रवाणीवरील ‘द फ्युजिटिव्ह’ ही मालिका उचलली असा त्यानें दावा लावला. कादंबरी प्रथम साप्ताहिकांत क्रमशः आली, तेथें हक्काची नोंद साप्ताहिकाच्याच नांवें होती, म्हणून लेखकाचा हक्क बुडाला, असें प्रतिपक्षाचें म्हणणें. खालच्या न्यायालयानें तें मान्य केलें. १९७० मध्यें अपील न्यायालयानें तो निर्णय फिरविला, पण गुडिस १९६७ मध्येंच वारला होता.

आज या पुस्तकांच्या मूळ प्रतींस संग्राहक चांगली किंमत देतात. ती बहुधा वेष्टनावरील चित्राची असते. प्रत पारदर्शक पिशवींत बंद होते व उघडली जात नाहीं. आमची विनंती अशी कीं, ज्यांच्या हातीं अशी प्रत येईल त्यांनीं ती एकदां सावकाश उघडावी, मालेचा अनुक्रमांक व मुद्रणाचा क्रम टिपावा, नंतरच्या आवृत्तीशीं ताडून शीर्षक, लेखकाचें नांव व शेवट यांतील फरक नोंदवावे, आणि शेवटच्या पानावरील जाहिरातीहि फाडूं नयेत. नव्या आवृत्तींत मजकूर राहतो, बाकीचा पुरावा जातो.

हीच विनंती मराठी संग्राहकांसहि आहे. थॉम्पसनच्याच सालीं, १९०६ मध्यें, जन्मलेल्या बाबूराव अर्नाळकरांनीं (मृत्यु १९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड व धनंजय हीं नांवें मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांस ठाऊक आहेत. रद्दीच्या दुकानांत अर्नाळकरांची एखादी जुनी प्रत मोडी कागदांच्या रुमालाशेजारीं पडलेली दिसली, तर रुमाल अवश्य उचलावा, पण त्या पुस्तकासहि तेथेंच सोडून येऊं नये.